वासावरून मीठ

आमच्या खानावळीच्या पाटीवर लिहिलंय, 'अस्सल आपल्या घरचं'. घरचं म्हणजे सासूबाईंच्या पद्धतीचं. त्यांचे गुडघे गेले, त्या गल्ल्यावर बसल्या आणि स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. सकाळचं मी बघायची, संध्याकाळसाठी आचारी ठेवला. म्हणाला, "मी तुमच्यातलाच."

तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढा गोड बोलणारा माणूस आमच्यातला? आमच्यात 'जेवलास का'सुद्धा खेकसून विचारतात!

त्यात गिऱ्हाईक त्याच्याच हातचं मागायला लागलं. "वा, अगदी आपली चव!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. मग मी पाळतच ठेवली. कांदा आमच्यासारखा चिरायचा, मसाला आमच्यासारखा भाजायचा. कुठे म्हणून चुकायचा नाही, आणि तेच मला खुपत होतं. शेवटी काल कोठीच्या दाराआडून बघितलं आणि सापडला की लबाड! रस्सा उकळत होता. त्यानं पळीतून तळहातावर थेंब घेतला आणि चाखला.

आमच्या घरात रांधताना कुणी चाखत नाही. वासावरून मीठ कळतं. लग्न झाल्या झाल्या सासूबाईंनी शिकवलेलं, गिऱ्हाइकांनाही मी हे तोऱ्यात सांगते.

"तू आमच्यातला नाहीसच," मी म्हटलं.

त्याचं तोंड उतरलं. "नाही, बाई. पण खरं सांगितलं असतं तर दारात तरी उभं केलं असतंत?"

त्याला तसाच सासूबाईंपुढे नेला. "आजच घालवते मेल्याला. चाखतो हा!"

"ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

"आणि गप्प बसलात?"

"पोटभर जेवतेय, कशाला बोलू?"

"पण आपल्यात चाखत नाहीत ना?"

"चाखलं की माझी सासू हातावर तापलेलं उलथनं ठेवायची. सुनेनं उष्टं केलं म्हणायची. वासानं मीठ कळतं का कुणाला? मी घाबरून चाखायचं सोडलं, आणि तुलाही तेच शिकवलं."

मला रडूच फुटलं. ज्याची एवढी शेखी मिरवली, ते हे होतं होय!

"बाई, मी निघू?" आचाऱ्यानं विचारलं.

"कुठे निघतोस?" मी म्हटलं. "रस्सा लागेल खाली. जा आत."

तो वळला तशी सासूबाईंनी हाक मारली. "मलाही दे रे थेंबभर. वाटीत नको, हातावर."

तो पळी घेऊन आला. त्यांनी तळहात पुढे केला आणि डोळे गच्च मिटून घेतले.