विसरण्याचा आकडा

इंडोनेशियातल्या योग्यकर्ताच्या विद्यापीठात वेनिंग आणि गिलांग एकाच खोलीत काम करायची. माणूस काय लक्षात ठेवतो आणि त्यावरून पुढचा निर्णय कसा घेतो, याची संगणकात प्रतिकृती उभारायची, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांनी एक साधा खेळ केला होता. पडद्यावर पत्त्यांचे दोन गठ्ठे. कुठलाही उचला, कधी गुण मिळतात, कधी जातात. खेळणाऱ्याच्या निवडी संगणकाला दिल्या की तो त्या माणसाचे आकडे काढून देई: मिळालेलं किती काळ मनात राहतं आणि गमावलेलं किती काळ.

एका दुपारी जुन्या चाचण्या चाळताना वेनिंगला नवऱ्याचं नाव दिसलं. जत्मिको.

खेळ नवा होता तेव्हा तिने त्यालाच पहिल्यांदा बसवलं होतं. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, अंगाला लवंगेच्या सिगारेटचा वास. डावीकडच्या गठ्ठ्याच्या मागेच लागला होता.

"मास, बुडवतोय तो गठ्ठा तुला!" नवऱ्याला ती तिकडच्या रीतीने 'मास' म्हणायची.

"थांब गं, आता देईल बघ."

रविवारी तो मित्रांबरोबर दक्षिणेच्या समुद्रावर मासे धरायला जायचा. लाटांनी दोनदा होडी उलटवली, दोन्ही वेळा पुढच्या रविवारी हा पुन्हा तयार. तिसऱ्या खेपेला फक्त होडी सापडली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

वेनिंगने त्याच्या निवडी संगणकाला दिल्या. मिळालेलं त्याच्या मनात रेंगाळायचं, गमावलेलं मात्र जवळजवळ लगेच पुसलं जायचं. मग तिने त्याच आकड्यांवर प्रतिकृतीला खेळायला लावलं. डावा गठ्ठा. गुण गेले. पुन्हा डावा. परत गेले. पुन्हा डावा.

मागून गिलांग हसला. वेनिंगला तो 'म्बाक', म्हणजे ताई, म्हणायचा. "म्बाक, कोण हा हट्टी?"

"माझा नवरा."

गिलांगचं हसू विरलं. तो म्हणाला, "चहा आणू?"

"आण. साखर कमी."

तो गेल्यावर तिने गमावलेलं विसरण्याचा तो एकच आकडा बदलला, चारचौघांसारखा केला. आता प्रतिकृती डाव्या गठ्ठ्याला दोनदा पोळली आणि उजवीकडे गेली ती परत फिरकलीच नाही. हा माणूस त्या रविवारी घरी राहिला असता. पत्त्यांच्या एका डावावरून काढलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे वेनिंगला पक्कं ठाऊक होतं. तरी तिची नजर पडद्यावरून हलेना.

मग तिला त्यांची भांडणं आठवली. तिची जीभ तिखट. एकदा तर तिने त्याचे कपडे व्हरांड्यात फेकले होते. सकाळी तो टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळून उशाशी उभा. "ऊठ, खाऊन घे. भांडायला ताकद नको का?" आणि त्यात नाटक नव्हतं, रात्रीचं खरोखरच त्याच्या मनात उरलेलं नसायचं. पडद्यावरचा हा जपून खेळणारा माणूस पहिल्याच वर्षी तिला सोडून गेला असता.

तिने आकडा पूर्ववत केला.

गिलांग चहा घेऊन आला. "या नोंदी शोधनिबंधात घ्यायच्या?"

"नको. चाचणीच होती ती." पण तिने त्या पुसल्या नाहीत.

संध्याकाळी ती स्कूटर घेऊन घराकडे न वळता सासूकडे गेली. त्या रविवारी जत्मिकोला जेवणाचा डबा इबूंनी, म्हणजे सासूबाईंनीच, भरून दिला होता. "अडवायचं सोडून डबा दिलात!" असं वेनिंग त्यांना सगळ्यांदेखत बोलली होती, आणि त्यानंतर त्या दारात गेली नव्हती.

इबू पायरीवर शेंगा मोडत बसल्या होत्या. "वाट चुकलीस वाटतं?"

वेनिंग त्यांच्या शेजारी बसली. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं काही आठवेना.

"इबू, मला त्याची फार आठवण येते."

"मला सांगतेस?" म्हातारीने शेंगांची टोपली दोघींच्या मध्ये सरकवली. "जेवून जा. आणि शिरा नीट काढ, मागे काढायची नाहीस तू."

वेनिंगने एक शेंग उचलली. अंधार पडेपर्यंत दोघी त्याच्याविषयी बोलत राहिल्या.