मी, तात्यांची टू-स्ट्रोक

मी नाथाजी तात्यांची टू-स्ट्रोक मोटारसायकल बोलतेय. कोरेगावात आमच्या आळीत कुणालाही विचारा. मी दिसायच्या आधी माझा धूर दिसतो, आणि धुराच्याही आधी आवाज पोचतो.

माझा जन्म कारखान्यातला, त्याची आठवण नाही. पण फौजेतून रजेवर आलेल्या तात्यांनी सातारच्या दुकानात माझ्या टाकीवरनं हात फिरवला होता, तो अजून आठवतो. त्याला पस्तीस वर्षं झाली. तेव्हापासून ह्याच ओसरीला उभी आहे. इतकी वर्षं एका दारात उभं राहिलं की माणसं कळायला लागतात. पाहुणा आला की आधी माझ्या सीटवर थाप मारणार, मग "किती देती ओ?" म्हणून विचारणार, आणि मग कुठं चपला काढणार.

माझं एक पथ्य आहे. मला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑईल मिसळून पाजावं लागतं. तेच माझ्या पोटातलं वंगण. तात्यांनी त्यासाठी फौजेतलं पेगाचं माप ठेवलंय, लिटरला एक पेग.

"आवं, आदी त्या मापानं तुमी प्यायचा," मनुबाई, म्हणजे तात्यांची मंडळी, म्हणतात, "आता गाडीला लावा चटक."

"तिला चढत न्हाई, पळती," तात्या म्हणतात.

तात्यांचे गुडघे गेले आणि माझं पळणंही थांबलं. मग त्यांच्या लेकीला, पल्लवीला, सुपरमोटोचं खूळ लागलं. ही शर्यत अर्धी डांबरावर आणि अर्धी मातीत असते. तिनं सांगलीच्या गुंडा मिस्त्रीकडनं मला लहान चाकं, रुंद टायर आणि उंच शॉकॉप बसवून घेतले. ह्या वयात एवढा नट्टापट्टा! पण खोटं कशाला बोलू, मला आवडला.

पल्लवीचा चुलतभाऊ जयराज शेजारच्याच घरात. त्याची नवी फोर-स्ट्रोक भिंतीपलीकडं उभी असते. मनातल्या मनात मी तिला जाऊबाई म्हणते. माझ्या पोटात पिस्टन एकदा वर-खाली झाला की बार उडतो, तिच्यात दोनदा झाल्यावर. म्हणून मी हलकी आणि तडतडी, ती जड आणि सबुरीची. तिचं ऑईल तिच्या पोटात वेगळं असतं. रेसची मूठ सोडली की तिचं इंजिनच तिला मागं ओढतं, ब्रेकवरचा निम्मा भार कमी. माझं तसं नाही. रेस सोडली की पेट्रोल तुटतं, आणि त्याच्याबरोबर ऑईलही.

उन्हाळ्यात कडेगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या आवारात शर्यत ठरली. गाळप संपलेलं, उसाच्या गाड्यांचं डांबरी मैदान मोकळं, आणि त्याच्याखाली मातीचा लांब उतार.

त्याच आठवड्यात हायवेवरच्या हॉटेलचे आप्पासो आले. त्यांना मी हॉटेलपुढं खांबावर चढवायला पाहिजे होते, शोभेला. तात्यांनी माझ्या टाकीवरची धूळ पुसली.

"पोरीच्या उपयोगाला आली तर ऱ्हाईल," ते म्हणाले. "न्हाईतर घिऊन जावा. उगं गंजत कशाला ठिवायची?"

माझ्या अंगातलं पेट्रोल गार झालं.

माझा मागचा टायर सांगलीहून यायचा होता, म्हणून पल्लवीनं चार दिवस जाऊबाईवर सराव केला.

"पल्ले, हीच ने की," जयराज म्हणाला. "त्या धुराच्या बंबावर बसून डास मारायला चाललीस व्हय?"

"जयाभाऊ, तुजी लय जड हाय रं. वळनात म्हशीवानी बसती."

"म्हस दूध देती. तुजी नुसती शेणी पेटवल्यागत धुपती."

तरी तिनं मलाच नेलं. पिकअपमध्ये चढताना मी भिंतीपलीकडं पाहिलं. जाऊबाई आरसा दुसरीकडं करून उभी होती. शहाणी आहे.

आठ गाड्या होत्या. डांबरावर मी जीव खाऊन पळाले, पाचव्या फेरीला आम्ही तिसऱ्या होतो. मग तोच उतार पुन्हा आला. आतापर्यंत ती तिथं आठवणीनं थोडी रेस देत होती, पण दमल्यावर हात सवयीनं चालतो. पल्लवीच्या हाताला जाऊबाईची चार दिवसांची सवय लागली होती. तिनं गिअर न सोडता रेस पुरती बंद केली आणि इंजिन आपल्याला आवरेल म्हणून वाट बघत राहिली. मी तापलेली, चाकं मला फिरवतायत आणि वंगण येत नाही. घसा कोरडा पडावा तसं झालं. पिस्टन फुगला आणि अडकला, मागचं चाक जागच्या जागी जाम!

"क्लच! क्लच दाब!" कडेनं तात्या ओरडले.

तिनं दाबला. चाक सुटलं आणि आम्ही मातीत आडव्या होता होता राहिलो. मी निवेपर्यंत ती शेजारी उभी राहिली, मग किक मारली. मी सुरू झाले, पण आतून खरवडत होते. आम्ही शेवटच्या आलो.

"तात्या, चूक माजी झाली," घरी आल्यावर पल्लवी म्हणाली. "पन खरं सांगू? पुढच्या शर्यतीला मी जयाभाऊची नेनार. माजा हात तिच्यावर बसलाय."

तात्या "बरं" म्हणाले. मला राग आला नाही. तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी खबर लागून आप्पासो टेम्पो घेऊन हजर. तात्यांनी माझं इंजिन उघडून पिस्टन पेपरावर ठेवला होता.

"थांबा दोन दिस," तात्या म्हणाले. "पिस्टन बदलून, चालू करून देतो."

"कशाला तरास, तात्या? बंद असली तरी चालतंय. उलट इंजिन काडूनच टाका, खांबाला वजन कमी."

तात्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"आप्पासो, च्या घ्या आन् टेम्पो रिकामा न्या."

"आवं पन तुमीच म्हनला हुता..."

"म्हनलो हुतो. गाडी इकत हुतो मी. मढं न्हाई इकत."

आप्पासोंनी चहा घेतला नाही. मनुबाईंनी तो तात्यांनाच दिला.

तर सध्या मी अशी पोत्यावर, पोट उघडं टाकून बसलेय. गुंडा मिस्त्रीनं पिस्टन गुरुवारपर्यंत म्हणून सांगितलंय, म्हणजे पुढच्या आठवड्यात येईल. शर्यत माझी संपली. तो बसला की तात्या मला रोज सकाळी गावाबाहेरच्या मळ्यापर्यंत नेणार आहेत, गुडघे ऐकतील तेवढं.

तुमच्याही दारात माझ्यासारखी कुणी असेल तर तेवढं ऑईल मिसळत जा. आणि लांब उताराला मधूनमधून थोडी रेस देत चला. आम्ही मागं ओढणाऱ्यातल्या नाही हो, पण आमचा घसा लवकर कोरडा पडतो.