आधी कान, मग मशीन

आमच्या गॅरेजात एक नियम आहे: आधी कान, मग मशीन. नियम बाबांचा, आणि तो पाळायला लावणारी मी. गाडी आली की पहिल्यांदा मी ऐकणार, काय बिघडलंय ते तोंडाने सांगणार, आणि मगच धाकट्या भावाने त्याचा लॅपटॉप गाडीला जोडायचा. त्याआधी त्याने वायरीला हात जरी लावला तरी माझं डोकं फिरतं. तो म्हणतो, "ताई, मशीनला दोन मिनिटं लागतात, तुला तासभर." मी म्हणते, "मग तासभर गप्प बस, तेवढीच गॅरेजात शांतता."

त्या दिवशी सकाळी दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले. नवीकोरी गाडी, पण दिसायला पार माझ्या लहानपणीची. लांबलचक बॉनेट, गोल दिवे, छपरावरून मागपर्यंत गेलेले दोन काळे पट्टे. अगदी अशीच गाडी मी नऊ वर्षांची असताना बाबांनी मला ऐकवली होती, आठ सिलिंडरची. या गाडीच्या आत मात्र सगळा नवा संसार. काटेसुद्धा पडद्यावर रंगवलेले, किल्ली नुसती खिशात ठेवायची, आणि सीट आपली आपणच मागेपुढे होणारी.

"वडिलांकडे हीच होती, जुनी," डॉक्टर म्हणाले. "पण हल्ली वेग घेतला की खडखडते. इंजिनातून येतंय का बघा ना ताई. संध्याकाळी आईला फिरवायला न्यायचंय."

"बघते की. तुम्ही जा, दात उपटून या," मी म्हटलं.

ते गेले. गाडी गॅरेजसमोरच्या अंगणात होती. मी आत बसले, दार ओढून घेतलं, बटण दाबलं. आणि आहाहा! तीच धडधड, छातीत भरणारी. आठही सिलिंडर एकामागून एक, कुणाची घाई नाही, कुणाचा आळस नाही. मला तर बाबांचा तेलकट हात खांद्यावर असल्यासारखं वाटलं. पाय थोडा दाबला तशी मधूनच खडखड आली. म्हटलं, ये बाई, तुला शोधतेच आता.

गाडी चालूच ठेवून मी उतरले आणि भिंतीवरचा स्क्रूड्रायव्हर काढला. हातभर लांब, मूठ लाकडी. त्याने आजवर एकही स्क्रू पिळलेला नाही, तो फक्त ऐकायचा आहे. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची, की इंजिनाच्या पोटातलं सगळं सळईतून कानात येतं. बॉनेट उघडलं तर इंजिन दिसेल तर शपथ! वर काळं प्लास्टिकचं झाकण, त्यावर दोन्ही बाजूंना चार-चार उंचवटे. कडेला जेवढा धातू दिसत होता तिथे मी टोक टेकवलं आणि उजवा कान लावला.

धडधड नव्हतीच. शिलाई मशीनसारखी बारीक गुणगुण, बस्स.

डावा कान लावला. तेच. परत उजवा लावला, मूठ हाडात रुतेपर्यंत दाबली. तेच. मी स्क्रूड्रायव्हर झटकन खाली घेतला.

का ते सांगते. बाबांना आधी जड, खोल आवाज ऐकू येईनासे झाले. बोललेलं ऐकू यायचं, भांडं पडलेलं ऐकू यायचं, खालचे आवाज तेवढे गळाले. त्यांना ते कळलंच नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. अकरा वर्षांपूर्वी एका टेम्पोचं बेअरिंग आतून ठोकत होतं. बाबांनी कान लावला, ठणठणीत आहे म्हणाले, आणि टेम्पो सोडला. उतारावर इंजिन जाम झालं. चालवणारा वाचला, पण अजून लंगडतो. त्या संध्याकाळी बाबांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. म्हणाले, "खालचं ऐकू येईना की ठेवून द्यायचा. एक दिवस जास्त नाही." मी हो म्हटलं होतं.

"काय निघालं गं?" धाकट्याने विचारलं.

"निघेल."

"जोडू का मग? अगं, या गाडीचं..."

"हात लावून बघ, बोटं मोडून ठेवीन!"

तो हात वर करून मागे सरला. मी सामानाच्या खोलीत जाऊन तेलाच्या डब्यावर बसले. ताडून बघायला दुसरी गाडीही नव्हती. एकच होती, तिचं इंजिन सुटं होऊन टेबलावर पडलेलं. मला भीती वाटत होती, उगाच कशाला खोटं बोलू. बावन्न वर्षांच्या बाईने आता काय करायचं? मला दुसरं काहीही येत नाही. स्वयंपाकसुद्धा धड येत नाही, विचारा भावाला. आणि बसल्याबसल्या मनात आलं की कुणाला सांगायलाच कशाला हवं? इंजिन ठीक आहे म्हणावं, डॉक्टरांना गाडी द्यावी, पुढचं पुढे. असं मी मनात आणलं, हे मला अजून टोचतं.

तेवढ्यात जिन्यावर धाप ऐकू आली. बघते तर बाबा! आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, आणि बाबांना उतरायला एरवी पाव तास लागतो. आज ते कठड्याला धरून भराभर उतरले होते, आणि हातात काठी नव्हती.

"काठी कुठाय?" मी ओरडले. त्यांनी लक्षच दिलं नाही. सरळ गाडीपाशी गेले, बॉनेटखाली वाकले, झाकणाच्या कडेला तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"चार," ते म्हणाले.

"काय चार?"

"सिलिंडर. आठाचं इंजिन हाताला सलग लागतं. हे चाराचं आहे."

मला वाटलं, कान गेले ते गेले, आता हातही गेला यांचा. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बाबा, आत बसून मी स्वतः आठ ऐकलेत!"

"आत?" बाबा म्हणाले. "इंजिन तर इथे आहे."

मागून धाकटा खाकरला. बाबांना जाड आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून तो त्यांच्यासमोर गळा आवळून बारीक आवाजात बोलतो. पंचेचाळीस वर्षांचा मिशीवाला बाप्या! एरवी मी हसते, आज हसले नाही. "चारच आहेत," तो चिरकला. "मघापासून तेच सांगतोय, तू बोलू कुठे देतेस?"

तो आत बसला, दार उघडंच ठेवून पडद्यावर बोटं फिरवू लागला. कुठे तरी खोल आत 'इंजिनाचा आवाज' असं लिहिलेलं सापडलं. खाली तीन पर्याय: शांत, नेहमीचा, जुन्या काळचा. त्याने 'शांत' दाबलं आणि धडधड थांबली.

"अरे, बंद का केलीस?"

"बंद कुठे केली?" त्याने पाय दाबला. पडद्यावरचा काटा वर गेला, आणि बॉनेटखालून तीच ती शिलाई मशीनची गुणगुण वाढत गेली. जी मला सळईतून आली होती. जेवढी होती तेवढीच, तंतोतंत.

धडधड स्पीकरची होती! जुन्या गाडीचा आवाज नव्या गाडीत भरून ठेवला होता, आणि बारा गावचं पाणी प्यालेली मी त्याला भुलले होते. झाकणाखाली डोकावून सिलिंडर मोजावेत एवढंसुद्धा सुचलं नाही, कारण कानांनी आठ म्हटलं होतं ना! माझा जीव भांड्यात पडला. मी टायरच्या ढिगावर बसून हसत सुटले, आणि हसताहसता रडायला लागले. धाकटा घाबरून पाणी घेऊन आला.

"माझे कान चांगले आहेत," मी त्याला म्हटलं.

"डोकं तपासून घे," तो म्हणाला.

मग खडखड शोधायला किती वेळ लागतोय! 'शांत'वर खडखडही आली नव्हती, म्हणून आवाज परत 'जुन्या काळचा' केला, मी डिक्कीत डोकं घातलं, तळाचा गालिचा उचलला. खाली हा भलामोठा स्पीकर, चार स्क्रूंवर बसवलेला, त्यातला एक सैल. हातात होता तोच स्क्रूड्रायव्हर लावला आणि पिळला. खडखड गेली. बाबा बघत होते. त्याचा असा उपयोग त्यांनीही कधी केला नव्हता.

डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते ओशाळले. "म्हणजे धडधड खोटीच? मला वाटलं, थोडीफार तरी इंजिनाची असेल."

"बंद करून ठेवू?"

"नको, असू दे," ते घाईने म्हणाले. "आईला तोच आवाज ओळखीचा आहे." आणि पट्टेवाली गाडी धडधडत, म्हणजे आतल्या आत धडधडत, निघून गेली.

मी बाबांकडे वळले. आता मला रागवायला सवड होती. "काठीशिवाय उतरलात कशाला? पडला असतात म्हणजे?"

"वरच्या खिडकीतून दिसलीस," बाबा म्हणाले. "आधी उजवा कान लावलास. मग डावा. मग परत उजवा."

मी हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं.

"त्या टेम्पोपाशी मीही असाच कान बदलला होता," ते म्हणाले. "तीन वेळा. आणि कुणाला बोललो नाही."

अकरा वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. तळहात अजून इंजिनाने गरम होता. मग मी धाकट्याला हाक मारली, आणि बाबांनाही कळेल अशा बेताने म्हटलं, "उद्यापासून मी कान लावीन तेव्हाच तू मशीन जोड. आणि मी कान बदलताना दिसले तर तिथल्या तिथे विचार मला, कितीही ओरडले तरी."

धाकटा गळा आवळून बारीक आवाजात म्हणाला, "ऐकलंत का बाबा?"

"ऐकलं," बाबा म्हणाले. "आता माझी काठी आण."