उपासाचं चालते

देवघराच्या खालच्या कप्प्यात एकूण सात वस्तू होत्या. पितळी डब्यात शिंगाड्याच्या पिठाचे नऊ लाडू. टोपलीत उकडलेली चार रताळी आणि त्यांच्याशेजारी सहा केळी. एका भांड्यात वाटीभर साबुदाण्याची खिचडी, दुसऱ्यात भगरीचा भात, अर्धा संपलेला. कागदाच्या पुड्यात तळलेला बटाट्याचा कीस. आणि काचेच्या बरणीत राजगिऱ्याच्या वड्या, गुळातल्या.

कोकिळाने सगळं बाहेर आणून ओसरीत ओळीने मांडलं, मोजलं आणि पुन्हा मोजलं. राग अनावर झाला की ती काहीतरी मोजायला घेई. आज त्याचाही उपयोग झाला नाही.

"आई, हे कोणी दिलं?"

आनंदाबाई खाटेवर बसल्या होत्या. आवाजाच्या दिशेने मान वळवून त्या म्हणाल्या, "काय व?"

"देवघराखालचं."

"ते होय! ते उपासाचं हाये. उपासाचं चालते मले."

कोकिळाला एकदम कळलं की गेले दहा दिवस ती ज्या कोड्यापुढे डोकं आपटत होती ते कोडं नव्हतंच. सासूच्या ताटात भाकर नव्हती, भात नव्हता, पोळी नव्हती. वांग्याची भाजी, अंबाडी, दही, शेंगदाण्याची चटणी, बस. तरी रोज सकाळी लघवी तपासायची टेस्ट ट्यूब लाल, म्हणजे साखर भरपूर. मोरीत मुंग्यांची रांग. आनंदाबाई रात्रीतून चार वेळा उठायच्या, भिंत चाचपत, आणि परत येताना माठातलं पाणी पिऊन यायच्या. कोकिळाने बेनेडिक्टचं द्रावण खराब झालं असेल म्हणून नवीन बनवलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू तिने तपासला होता. स्वतःच्या बी. एस्सी.वर संशय घेतला होता. देवघराखाली मात्र पाहिलं नव्हतं, कारण सोवळ्यातल्या वस्तूंना या घरात दुसरं कोणी हात लावत नसे.

कोकिळा मूळची वर्ध्याची. लग्न होऊन सिंदी रेल्वेला आली आणि गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवू लागली. नवरा प्रभाकर कापूस खरेदी केंद्रावर नोकरीला. हंगामात तो घरी फक्त झोपायला येई. सासरे नत्थूजी शेतीवाडी बघत. आनंदाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. भाकर थापताना तव्याचा अंदाज चुकून मनगट भाजलं, तेव्हापासून कोकिळाने त्यांना चुलीजवळ जाऊ दिलं नव्हतं. ऑपरेशन सोपं होतं. पण लघवीत साखर असेपर्यंत नेत्रशिबिरातले डॉक्टर डोळ्याला हात लावत नव्हते. जखम चिघळली तर डोळा जातो, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

म्हणून मार्गशीर्षातल्या गावच्या शिबिराआधी कोकिळाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून भाकर-भात बंद केला होता. पहिले चार दिवस आनंदाबाईंचं डोकं दुखलं, पोट साफ होईना, आणि त्या साऱ्या घरावर चिडल्या. मग तहान कमी झाली. रात्रीचं उठणं थांबलं. ट्यूब लालवरून पिवळी, पिवळीवरून हिरवी, आणि शेवटी द्रावणाच्या मूळ रंगाची, निळी झाली. डॉक्टरांनी साखरेची गोळी अर्ध्यावर आणली.

शिबिर शुक्रवारी होतं. गुरुवारी शेजारच्या विमलाबाईंकडे मार्गशीर्षाचं उद्यापन. सवाष्ण म्हणून आनंदाबाईंना गावात मोठी मागणी. नवरा जिवंत, पाचही मुलं जिवंत, अशी बाई पंगतीला बसली की देवी प्रसन्न. कोकिळा शाळेत असताना विमलाबाई त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. चार पुरणपोळ्या, तूप, वर भात आणि बासुंदी. सवाष्ण अर्धपोटी उठली तर व्रत फुकट जातं.

दुसऱ्या दिवशी शिबिरात अंथरूण-पांघरूण घेऊन कोकिळा सासूसह रांगेत उभी राहिली. ट्यूब विटेसारखी लाल झाली. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या शिबिराला आणा." अंथरूण परत घरी आलं.

कोकिळा तडक विमलाबाईंच्या दारात गेली होती. "काकू, आज त्यांचा डोळा उघडला असता!"

"काऊन बोलतं व अशी?" विमलाबाईंनाच राग आला. "देवीच्या तोंडात घास पडला तिच्या हातून. अन् तू तं महिनाभर सासूले उपाशी मारून राह्यली. सारं गाव पाह्यते. मास्तरीन झाली म्हून काय झालं?"

हे बोलणं गावभर फिरलं. सून सासूला खायला देत नाही. शाळेतही कोणीतरी हसत विचारलं, "घरी सगळे जेवले ना?" दोन गल्ल्या पलीकडे राहणारी नणंद शकुबाई आईच्या काळजीने आणि लोकांच्या लाजेने धावत आली. तोड तिनेच काढली. "आईनं नेम धरला म्हना. डोळे येईपर्यंत अन्न सोडलं. नेमावर कोनी बोलत नाई."

आणि खरंच कोणी बोललं नाही. डॉक्टरांनी बंद केलेलं अन्न म्हणजे सुनेचा छळ, आणि तेच अन्न देवासाठी सोडलं की पुण्य! कोकिळाला या हिशेबाचा संताप आला, पण पथ्य पाळलं जातंय म्हणून ती गप्प बसली. नेम धरलेल्या बाईला गाव काय काय आणून देतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

हिंगणघाटचं शिबिर आता पंधरवड्यावर आलं होतं.

"कोनाकोनाचं हाये हे?" तिने पुन्हा विचारलं. संतापली की तिच्या तोंडी सासरची बोली येई.

तेवढ्यात विमलाबाईच हातात झाकलेली वाटी घेऊन आत आल्या. मागून शकुबाई. वाटीत रताळ्याची खीर होती.

"लाडू म्या केले," शकुबाई म्हणाली. "शुद्ध शिंगाड्याचे. एक दाना अन्नाचा नाई त्यात."

"खिचडी मी देली," विमलाबाई म्हणाल्या. "आता काय उपासाचंई बंद करतं का?"

आत जाऊन कोकिळाने टिंक्चर आयोडीनची बाटली आणली आणि भाकरीचा एक तुकडा. तुकड्यावर थेंब टाकला. तपकिरी थेंब क्षणात निळा-काळा झाला.

"ही भाकर. हा काळा रंग म्हणजे स्टार्च. तो पोटात गेला की त्याची साखर होते." मग एक थेंब रताळ्यावर. काळा. खिचडीवर, भगरीवर, लाडवावर, किसावर. काळा, काळा, काळा, काळा. वांग्याच्या फोडीवर थेंब तपकिरीच राहिला, दह्यावरही.

"अगं माय!" विमलाबाई मागे सरकल्या. "देवाच्या फराळावर औषध वतलं इनं!"

"केळावर टाक," शकुबाई म्हणाली. तिची मान आता पुढे आली होती.

केळ्यावर थेंब पडला आणि जेमतेम फिका डाग उमटला.

"पाह्य! पाह्य! केळ चालते!" शकुबाई एवढ्या मोठ्याने ओरडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

कोकिळाला क्षणभर हसू आलं. मग तिने केळ्याचा गर पाण्यात कालवून गाळला, ट्यूबमध्ये बेनेडिक्टचं द्रावण घेतलं, त्यात तो टाकला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळं द्रावण उकळता उकळता विटकरी झालं. "पिकलं की स्टार्चची साखर आधीच झालेली असते, ताई. म्हणून आयोडीनला सापडत नाही. राजगिऱ्यात तर वरून गूळच आहे."

विमलाबाई वाटीवरचं झाकण उगाच नीट करत राहिल्या.

आनंदाबाई खाटेवरून विचारत होत्या, "काय झालं व? काय झालं? मले सांगा ना कोनी."

"काळं झालं, आई."

"मले काय दिसते बाई काळं! तू म्हनतं काळं, ते म्हनते चालते. मी कोनाचं ऐकू?" त्यांचा आवाज चिरकला. "अन्नाचा दाना सोडला म्या. बारा वाजता जीव कासावीस होते, तरी भाकरीकडे पाह्यत नाई. अन् तू म्हनतं, मी चोरून खाल्लं!"

"चोरून नाही म्हणाले मी."

"मंग काय म्हनतं?"

या बाईने काहीही चोरलं नव्हतं. भूक सहन करून, सगळं प्रामाणिकपणे पाळून त्या आंधळ्याच राहणार होत्या, आणि त्यांना तसं ठेवणारे सगळे पुण्य कमावून घरी जाणार होते. तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडलीच. "तुम्हाला त्यांचं पोट पाहिजे सवाष्ण म्हणून! त्या विहिरीवर ठेचकाळतात तेव्हा हात धरायला कोण येतं?"

नत्थूजी दारात उभे होते. ते केव्हा आले होते कोणी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा शेला काढून त्यांनी खांद्यावर टाकला.

"तुमी सांगा," आनंदाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या पावलांचा आवाज त्या ओळखत. "काळं झालं का?"

नत्थूजींनी ओळीने सगळं पाहिलं. "झालं. भाकरीसारखंच झालं." मग म्हणाले, "केळं मी आनतो बाजारातून. तू हडकली म्हून."

आनंदाबाई म्हणाल्या, "गाईले टाका सारं."

"औषध लागलेलं नको," कोकिळा म्हणाली, आणि प्रत्येक वस्तूचा डागाळलेला भाग तिने कापून वेगळा केला.

त्या दिवसापासून पथ्य खरं झालं. पुन्हा तीच डोकेदुखी, तीच चिडचिड. दुसऱ्या दिवशी आनंदाबाईंनी दह्याची वाटी ढकलून दिली. आठवड्याने पाणी पिणं निम्म्यावर आलं. मोरीतल्या मुंग्या दिसेनाशा झाल्या. विमलाबाई आता नुसती पालेभाजी घेऊन यायच्या, आणि वाटी ठेवताना कोकिळाकडे पाहत नसत. एकदा त्यांनी विचारलं, "हिच्यावर टाकून पाह्यतं का तुया थेंब?" कोकिळाने टाकून दाखवला.

हिंगणघाटला ट्यूब निळी राहिली. दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शिबिरात एका दात्याने सगळ्या रोग्यांसाठी शिरा पाठवला होता. वाढणारा ताटाजवळ आला तेव्हा कोकिळाने ताटावर हात आडवा धरला. "माय, तुमी लोकं पेशंटले खाऊई देत नाई," तो म्हणाला. तिने हात काढला नाही.

जखम चिघळली नाही. पट्टी सुटली, दीड महिन्याने जाड भिंगांचा चष्मा आला. आनंदाबाईंनी आधी नत्थूजींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती म्हातारे झाले तुमी!" मग कोकिळाचा चेहरा दोन्ही हातांत धरून तो नीट पाहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"आता नेम सोडा लागते," शकुबाई म्हणाली.

कोकिळाला वाटलं, ती थट्टा करते आहे. "साखर अजून आहे त्यांना. जन्मभर राहील. ते पथ्य होतं, नेम नव्हता."

"डोळे येईपर्यंत म्हनलं होतं. आले ना डोळे? आता नेम तसाच ठेवला तं देवाचा अपमान होते."

"डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्यासाठी बोलावलंय! तपासणी आठवड्यावर आली आहे!"

"एका जेवनानं काय होते व?" विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पुरणाची डाळ भिजत घातलीही होती.

कोकिळाने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांग." तिने नत्थूजींना सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, तुयं खरं हाये," आणि बाजारातून गूळ आणायला गेले. तिने आनंदाबाईंना सांगितलं. आनंदाबाई चष्म्यातून तिच्याकडे पाहत म्हणाल्या, "तुया शब्दावर म्या सारं सोडलं ना? आता देवाले देल्ला शब्द पाळू दे. तू शिकेल हायेस, तुले समजते."

तिला समजत होतं. म्हणूनच तिचा जळफळाट झाला.

नेम सोडायच्या पंगतीला अकरा सवाष्णी जेवल्या. बारावं पान आनंदाबाईंचं. नेम एकदा सुटला तो सुटलाच. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्या, तिसऱ्या दिवशी भाकर, चौथ्या दिवशी कोणाच्या तरी देवकार्याचं आमंत्रण. कोकिळा रोज वांग्याची भाजी, दही करून ठेवत होती आणि संध्याकाळी ते तसंच उचलत होती. माठ रात्रीतून रिकामा होऊ लागला. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून आनंदाबाईंनी तेल चोळून घेतलं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना तक्त्यासमोर बसवलं. अक्षरओळख नव्हती, म्हणून तक्त्यावरच्या खुणांची उघडी बाजू कुठे आहे ते बोटांनी दाखवायचं होतं. त्यांनी वरच्या चार ओळी बरोबर दाखवल्या. मग मदतनीसाने ट्यूब आणली, आणि डॉक्टरांनी दोन्ही नोंदी मोठ्याने वाचल्या.

उजवा डोळा, चष्म्यासह, सहा बाय अठरा, म्हणजे कामापुरती नजर. लघवीत साखर, दोन टक्क्यांहून अधिक.