दाराला मारलेली गाठ

मी आहे एक जुना पिंजरा, बांबूच्या कामट्यांचा, दोन खणांचा. आज माझ्या एका खणात कांदे आहेत आणि दुसऱ्यात काहीच नाही. मित्रांनो, पिंजऱ्याने आपली हकिकत सांगावी हे मला थोडे आगाऊपणाचेच वाटते. जो माझ्यात राहत होता त्याने ती सांगायला हवी होती. पण त्याला बोलता येत नव्हते आणि ज्यांना बोलता येत होते त्यांनी ती वेगळीच सांगितली. म्हणून मी सांगतो. मला जेवढे दिसले तेवढेच सांगेन.

माझा जन्म नागपूरला, एका बुरुडाच्या अंगणात झाला. मला भीमाबाईने विणले. तिची बोटे कामट्यांच्या धारेने कापून कापून जाड झाली होती. देवाजी नावाचा विणकर तितरासाठी पिंजरा मागायला आला तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "घर पायजे का कोठडी? सांग बापा, मले दोन्ही येते."

"घर पायजे," देवाजी हसून म्हणाला. "नरासाठी एक खोली, मादीसाठी एक."

"मंग दार वर सरकणारं देतो. उचलून खुंटीले अडकवलं का राहिलं उघडं. पाखरू आपल्या मनानं आत, आपल्या मनानं बाहेर."

असे नराच्या खणाला मला दार मिळाले; मादीच्या खणाला वरून नुसते झाकण होते. ते मला फार आवडे. पण दार माझे असले तरी ते उघडणे किंवा मिटणे माझ्या हातात कधीच नव्हते. पिंजऱ्याला हात नसतात.

देवाजीचे घर म्हणजे एक लांबट खोली. निम्म्या खोलीत माग, आणि मागाखाली पाय सोडून बसायचा खड्डा. तो दिवसभर लुगडी विणी आणि त्याची बायको जयवंता भिंतीशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरी. मला मागाशेजारी टांगले होते. मी आलो त्याच आठवड्यात कोराडीच्या बाजूच्या झुडपांतून फाशात धरलेला एक तितर माझ्यात आला. छातीवर बारीक रेघा, लालसर पाय, आणि पायामागे नुकता फुटू लागलेला काटा. देवाजीने त्याचे नाव गब्रू ठेवले. मग मादी आली, तिचे नाव ठमी. पहिले काही दिवस गब्रू माझ्या कामट्यांवर डोके आपटून घेई. मला वाटे आपण मऊ व्हावे. पण बांबू मऊ कसा होणार?

देवाजी मनाने वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. पहाटे तो सायकलच्या हँडलला मला अडकवून कोराडीच्या रस्त्याने निघे. तेव्हा तिकडे वीजघराचे बांधकाम चालू झाले होते, सिमेंटचे ट्रक धावत. रस्त्यापासून आत शिरून तो वारूळ फोडी आणि गब्रूला उधई चारी. मग माझे दार खुंटीला लावून "आ, आ" म्हणत पुढे चालू लागे. गब्रू त्याच्या टाचेमागे तुरुतुरु धावे. उडून जायला सारे आकाश मोकळे होते, तरी तो उडाला नाही. फिरून झाले की स्वतःच माझ्यात येऊन बसे आणि ठमीच्या बाजूच्या कामट्यांना अंग टेकवी. त्या वेळी मला आपण खरेच घर आहोत असे वाटे.

पण मित्रांनो, तितर पाळणारी माणसे नुसती तितर पाळत नाहीत. नाल्यापलीकडे एक मोकळे मैदान होते. रविवारी सकाळी तिथे पिंजरे जमत. माणसे गोल करून बसत आणि दोन तितर मधे सोडत. एक रिवाज सगळे पाळत. दोघांचे पिंजरे दारे उघडून गोलाच्या कडेला ठेवायचे. जो तितर आपल्या पिंजऱ्यात परत शिरला तो हरला. त्याच क्षणी दुसऱ्याने आपला तितर उचलायचा. पिंजऱ्यात शिरलेल्याला कोणी हात लावायचा नाही.

गब्रूची पहिली झुंज झालीच नाही. समोरचा तितर मान फुगवून आला आणि गब्रू जमिनीवरचे दाणे टिपत बसला. लोक हसून हसून वाकले.

"काहून गा देवाजी," बळीराम म्हणाला, "तुहा पह्यलवान लढाले आला का पंगतीले?"

बळीराम लाकडाच्या वखारीत काम करी. त्याचा काळ्या नावाचा तितर मैदानात कोणाकडून हरला नव्हता. घरी जाताना त्याने देवाजीला बाजूला घेतले.

"तू त्याले जावयासारखा ठेवते. जावई कधी लढते का? ठमीले त्याच्यापासून दूर कर. पिंजऱ्यावर जाड खोळ टाक. दाणा अर्धा कर. मंग पाहा."

"पाप लागंल गा."

"मंग गाय पाळ," बळीराम म्हणाला आणि सायकलवर बसला.

दोन दिवस देवाजीने गब्रूला नेहमीसारखाच दाणा घातला. तिसऱ्या दिवशी त्याने ठमीला टोपलीखाली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले आणि माझ्यावर जाड काळी खोळ चढवली. माझ्या आत अंधार झाला. ठमी तिकडून हाक मारी आणि गब्रू इकडून ओरडे. मागाची खटखट चालूच असे. मी दोघांच्या मधला काळोख धरून टांगलेला होतो. मला खोळ झटकून टाकता आली असती तर! पण मी नुसता लटकत राहिलो.

खोळ काढली तेव्हा गब्रू ओळखू येत नव्हता. जे हलेल त्याच्यावर तो धावे, देवाजीच्या बोटांवरसुद्धा. त्या रविवारी ठमीला माझ्या दुसऱ्या खणात घालून मैदानावर नेले. ती कडेला बसून ओरडू लागली आणि गब्रू समोरच्यावर असा तुटून पडला की तो थेट आपल्या पिंजऱ्यात पळाला. मग पुढच्या रविवारीही तसेच. देवाजीला लोक चहा पाजू लागले. पान आणून देऊ लागले. गब्रूची तारीफ ऐकताना त्याचा चेहरा फुले आणि घरी आला की जयवंतेला सांगत सुटे.

"जीव देईल पण हटणार नाई, असं पाखरू आहे वं. माह्यासाठी लढते तो."

जयवंता कांडी फिरवत म्हणाली, "तुमच्यासाठी कशाले लढंल? त्याले तं तुमचं नावबी नाई माहीत."

"तुले काय समजते त्यातलं."

"मले भूक समजते," ती म्हणाली. "अन् आपल्या माणसापासून दूर ठेवलं का कसं होते, तेबी समजते. तुमी त्याले इचारलं का एकडाव, लढतो का म्हून?"

देवाजी हसला. मला हसू आले नाही. मला ठाऊक होते की गब्रू लढत होता तो अंधाराशी आणि उपासाशी. देवाजीला त्यात आपल्यावरची माया दिसत होती. कदाचित माझीही समजूत चुकीची असेल. पण मी गब्रूच्या सर्वांत जवळ होतो.

मग एका रविवारी झुंजीच्या मध्येच गब्रूने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले. एकदाच पाहिले. तो झुंज जिंकला, तरी कोणीतरी म्हणालेच, "पह्यलवान दार पाहून राहिला गा देवाजी. घरची याद येऊन राहिली त्याले." सगळे हसले. देवाजीच्या मनाला ते फार लागले. पुढची झुंज काळ्याशी होती.

त्या दिवशी मला गोलाच्या कडेला ठेवले. देवाजीने गब्रूला बाहेर काढले, माझे दार खाली केले आणि खिशातून सूत काढून ते चौकटीला बांधले. विणकर तुटलेला धागा जोडतात तशी लहानशी, घट्ट गाठ मारली. ताण पडला की ती आणखी आवळते.

बळीराम उठून उभा राहिला. "हे काय करून राहिला तू? दार उघडं ठेव. रिवाज हाय."

"तुह्या काळ्याले लागते दार," देवाजी म्हणाला. "माह्याले नाई लागत."

"देवाजी, पाखराले जागा लागते गा परत याले."

"तो परत येणारच नाई. तू आपला काळ्या सोड."

बळीरामने आजूबाजूला पाहिले. लोकांना झुंज पाहायची होती. त्याने काळ्याला सोडले.

मित्रांनो, झुंजीचे वर्णन मी करणार नाही. मला ते जमत नाही आणि तुम्ही ते ऐकावे असेही वाटत नाही. एवढेच सांगतो की काळ्या मोठा होता, त्याचा काटा पक्का होता. थोड्या वेळात गब्रूच्या डोळ्यातून रक्त आले. त्याने पाठ फिरवली आणि माझ्याकडे धावत आला.

नेहमी दार असे त्या जागी तो येऊन आदळला. मागे सरला, पुन्हा आदळला. आतून ठमी मधल्या कामट्यांवर चोच मारू लागली. त्याला वाटले असेल की आपलीच जागा चुकली. तो माझ्याभोवती एक फेरी घालून पुन्हा तिथेच आला. काळ्या त्याच्या पाठीवर होता.

आणि देवाजी लोकांना सांगत होता, "पाहा, पाहा, ठमीले भेटून राहिला. आता पाहा कसा फिरते!"

"देवाजी, दार सोड," बळीराम ओरडला. तो गोलात घुसला, काळ्याला दोन्ही हातांनी उचलून त्याने छातीशी धरले. "आंधळा हाय का तू? आत जाऊन राहिला तो."

तेव्हा कुठे देवाजीला कळले. त्याने गब्रूला धरायला हात घातला, पण गब्रू आता हातांना ओळखत नव्हता. तो निसटून पुन्हा पुन्हा माझ्या दारावर पडत होता. मग देवाजी गाठीला लागला. हीच बोटे दिवसभर न पाहता धागे जोडत. पण विणकर गाठ मारतो, सोडत कधीच नाही, तिला सोडायची सवय त्याच्या बोटांना नव्हती. तो नखांनी ओढत होता आणि गाठ आवळत होती. शेवटी त्याने दातांनी सूत तोडले. दार वर झाले तेव्हा गब्रू माझ्यासमोर आडवा पडला होता, पंख पसरून.

मी त्या वेळी काय करू शकत होतो? एक कामटी मोडली असती तरी पुरे होते. भीमाबाईने मला फार पक्के विणले होते.

गब्रू मेला नाही. जयवंतेने हळद लावली, देवाजीने बोटाने पाणी पाजले. खोळ चुलीत गेली. ठमी तिच्या खणात परत आली आणि वाटीभर उधई रोज येऊ लागली. गब्रूचा एक डोळा गेला, एक पंख खाली लोंबू लागला. तरी महिन्याभराने तो "आ, आ" ऐकून देवाजीच्या टाचेमागे अंगणात चालू लागला. देवाजीला तेवढ्यानेच रडू आले. मग त्याने माझे दार खुंटीला अडकवले आणि वाट पाहत बसला.

गब्रू दारापर्यंत आला आणि थांबला.

मान वाकडी करून तो चांगल्या डोळ्याने पाहत राहिला. आत ठमी होती, दाणे होते. तो आत आला नाही. देवाजीने उचलून आत ठेवला की निमूट बसे, पण हाताची पकड सुटताच बाहेर पडे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एके दिवशी देवाजीने कोयता घेतला आणि माझे दार चौकटीसकट कापून काढले. मला दुखले नाही. मला वाटले, बरे झाले. आता तिथे अडवायला काहीच नव्हते, नुसता मोकळा चौकोन. गब्रू चालत आला आणि दार असे त्याच जागी उभा राहिला.

"नाई हाय रे बापू तिथं काही," देवाजी जमिनीवर बसून त्याला म्हणाला. त्याने आपला हात त्या मोकळ्या चौकोनातून आतबाहेर करून दाखवला. "पाह्य. नाई हाय."

जयवंता कांड्या भरत होती.

पुढे मला टांगणे बंद झाले. मी जमिनीवर, मागाशेजारी असे. गब्रू बाहेरून माझ्या कामट्यांना अंग टेकवून झोपे आणि ठमी आतून. थंडीच्या दिवसांत एका पहाटे मोहल्ल्यातला बोका खोलीत शिरला. अडवायला माझ्याकडे दार नव्हते, आणि असते तरी गब्रू त्याच्या आत नव्हता. मागाच्या खड्ड्यात सकाळी फक्त पिसे सापडली. ठमीला जयवंता कोराडीच्या बाजूच्या झुडपांत सोडून आली. तिचे पुढे काय झाले हे मला माहीत नाही. देवाजीने पुन्हा पाखरू पाळले नाही. मैदानावरही तो गेला नाही.

मित्रांनो, या गल्लीत आज मुले काड्यापेटीत सोनकिडे ठेवतात आणि त्यांची झुंज लावतात. चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात. कोणाचा मोठा, कोणाचा जोरदार, यावर त्यांचे वाद चालतात. त्यांच्या हातांत माया नसते असे मी म्हणत नाही. देवाजीच्या हातांतही ती होतीच. कांद्यांनी भरलेल्या पिंजऱ्याचे कोण ऐकणार, अशी शंका मला येते, तरीही विनवतो. ज्याला तुम्ही धरून आणले आहे तो तुमच्या नावासाठी लढतो असे मानू नका. त्याला पोटभर खाऊ द्या, आपल्या जोडीदाराजवळ राहू द्या, आणि जमले तर धरूच नका. पण कधी तुमचे एखादे मुके जनावर सगळ्यांसमोर पाठ फिरवून तुमच्याकडे धावत आले, तर लोक हसतात का हे पाहू नका. ते हरून पळालेले नसते. ते घरी येत असते.