लाल पत्रिका मीच छापली

मी एक जुना रक्तवाचक आहे. तुमच्या शाळेत खेळाचं सामान ठेवायची खोली आहे ना, तिथं फाटलेल्या जाळीमागे, चुन्याच्या गोणीशेजारी जो करडा डबा पडला आहे, तो मीच. मित्रांनो, माळ्यावर गेलेला चेंडू काढायला तुम्ही माझ्यावर पाय देऊन चढता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट माझ्या पोटात फार दिवस राहिली आहे. ती आज सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या काचेवर रक्ताचा एक थेंब टाकला, की त्या माणसाकडे त्याच्या आईबापांकडून आणि आज्या-पणज्यांकडून काय आलं आहे, ते मी वाचत असे. मग पत्रिका बाहेर सोडत असे. हिरवी म्हणजे उत्तम, पिवळी म्हणजे बरी, लाल म्हणजे कमी. खरं सांगायचं तर रक्तात मला फार थोडं दिसे. केस कुरळे की सरळ, नजर कशी, एखादा आजार येईल का, एवढंच. शब्द पाळणं, चिकाटी, माया यातलं काहीही मला तिथं कधी सापडलं नाही. पण तसं छापायची सोयच माझ्यात नव्हती.

गेवराईपासून दोन कोसांवरच्या आपल्या या गावात मला सुंदररावांनी आणलं. ते मोठे जमीनदार. गावात त्यांचाच शब्द चाले. शाळेशेजारच्या खोलीत मला बसवलं, नारळ फोडला, माझ्या काचेवर हळदकुंकू वाहिलं. काच साफ करायला दोन दिवस लागले, पण मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मग शिबिर भरलं, घराघरातून रक्त आलं आणि त्यामागून नियम आले. लाल पत्रिकेच्या मुलांनी पुढच्या बाकावर बसायचं नाही. हिरवीचं लग्न हिरवीशीच व्हायचं. नियम मोडणाऱ्याच्या मांडवात गावानं जेवायचं नाही. लोक म्हणाले, बरं झालं, आता विचार करायची कटकट नाही.

मला चालवायचं काम सुंदररावांच्या थोरल्या मुलीकडे होतं. तिचं नाव स्वप्नाली. वय बावीस, नुकतीच बीएस्सी झालेली. रोज सकाळी ती मऊ पिवळ्या फडक्यानं माझी काच पुसायची आणि म्हणायची, "काय साहेब, आज कुणाचं नशीब काढायचं?" तिच्या हाताची मला सवय झाली. मला वाटे, ती माझीच आहे.

आणि मग सोमनाथ आला.

आपल्याकडे पीक निघालं की रिकाम्या रानात मेंढ्यांचा कळप बसवतात, लेंडीखतानं जमीन सुधारते म्हणून. दरवर्षी येणारं सोमनाथचं कुटुंब कळप घेऊन सुंदररावांच्या रानात उतरलं होतं. एका दुपारी तो घागर घेऊन दारात उभा राहिला.

"म्याडम, पानी भरू का?"

"भर की. कावून विचारतोस? नळ काय माझ्या बापाचा हाय?"

"तुमच्या बापाचाच हाय."

स्वप्नाली हसली. अशी हसली की माझी काच थरथरली. माझ्यासमोर ती कधी तशी हसली नव्हती.

"तसं न्हाई," तो म्हणाला, "माझी पत्रिका लाल हाय. तुमच्या डब्याला आधी इचारा, लाल मानसाला पानी चालतंय का म्हनून."

मला डबा म्हणाला! आणि तीही त्याच्याबरोबर हसली.

त्या महिन्यात तो इतक्या वेळा पाणी भरायला आला, की तेवढी तहान कुठल्याच कळपाला लागत नाही. एकदा त्याच्या खांद्यावर नुकतंच जन्मलेलं, गारठलेलं कोकरू होतं. स्वप्नालीनं माझं पिवळं फडकं उचललं आणि कोकराला गुंडाळून दिलं. माझं फडकं! त्यानंतर माझ्या काचेवर धूळ बसू लागली. ती मोबाईलकडे पाहायची, दाराकडे पाहायची, माझ्याकडे नाही. मित्रांनो, मत्सर म्हणजे काय, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या कारखान्यात तसा एकही सुटा भाग नव्हता. तरी तो माझ्यात आला.

एके दिवशी ती त्याला म्हणाली, "मी आबांना सांगनार हाय. आपल्या लग्नाचं."

"तुमची हिरवी, माझी लाल. आबा मला मेंढरासंगट हाकलतेल." मग तो थोडा घुटमळला. "एक सांगू का? ती लाल पत्रिका माझी न्हाईच. शिबिर झालं तवा मी मेंढरं घेऊन लांब गेलतो. रानात उतरायचा कागद अडकंल म्हनून बापानं माझ्या नावावर धुळाजीचं बोट टोचवलं. म्हनला, सख्खा भाऊ हाय, रगत एकच, काय फरक पडतोय?"

स्वप्नाली उठलीच. "मग आत्ता टोचू."

तिनं त्याच्या बोटाचा थेंब माझ्या काचेवर ठेवला. मी थेंब वाचला. सोमनाथची पत्रिका हिरवी होती, स्वच्छ हिरवी.

मी लाल छापली.

कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. मी बिघडलोही नव्हतो. तो जावा, एवढंच मला हवं होतं.

सोमनाथनं पत्रिका बघून खाली ठेवली. "दोनदा लाल म्हनजे लालच. परवा कळप हलवतो आमी." घागर न भरताच तो गेला. स्वप्नालीनं माझ्यावर डोकं टेकलं आणि रडली. किती दिवसांनी ती माझ्याजवळ आली होती! मला आनंद झाला. ते मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याला सोमनाथची आई आली. कडूबाई तिचं नाव. तिच्या काखेत एक कोकरू होतं आणि त्याच्या अंगावर आणखी एक कातडं बांधलेलं होतं.

"मावशी, हे काय?" स्वप्नालीनं विचारलं.

"ह्याची माय मेली. दुसऱ्या मेंढीचं कोकरू मेलं. त्या मेल्याचं कातडं ह्याला घातलं, की ती वासानं ह्याला पाजती."

"आनि कातडं काढल्यावर?"

"चार दिसानं काढायचं. तवर तिनं चाटून चाटून त्याला आपलं केल्यालं असतं. मंग न्हाई सोडत."

"म्हणजे आपलं न्हाई हे तिला कळतच न्हाई?"

"कळतं की! मेंढी हाय ती, येडी न्हाई." कडूबाईनं घागर उचलली आणि दारातून मागं वळून म्हणाली, "पोरगं कालपासून जेवलं न्हाई, बाय. तुमी जेवलाव का?"

दुपारी सुंदरराव खोलीत आले, तेव्हा स्वप्नालीनं ती पत्रिका त्यांच्यापुढं ठेवली.

"आबा, मी सोमनाथसंगं लग्न करनार हाय."

"आगं, लाल हाय ही!"

"हाय. मीच काढली."

"मग? हे यंत्र खोटं बोलतंय का?"

मित्रांनो, तेव्हा एक हिरवी पत्रिका बाहेर सोडणं माझ्या हातात होतं. सगळं सोपं झालं असतं. आबांचा राग गेला असता, तिच्या पाठीवरून मायेनं हात फिरला असता. पण मग सोमनाथ कायमचा तिचा झाला असता. मी गप्प राहिलो.

"खरं बोलत असंल न्हाईतर खोटं," स्वप्नाली म्हणाली. "मला ह्या यंत्राला इचारायचंच न्हाई." आणि तिनं भिंतीतून माझी वायर उपटली.

लग्न शाळेच्या पटांगणात झालं. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. सुंदरराव आले नाहीत. पहिल्या पंगतीला फक्त लाल पत्रिकेची घरं होती. मग पिवळी आली. शेवटी हिरव्या घरांतल्या बायका आपली मुलं शोधायचं निमित्त करून आल्या आणि जिलबी खाऊन गेल्या. त्या दिवसानंतर नियमाचं नाव कुणी फारसं काढलं नाही. वर्षभरानं सुंदररावही लेकीच्या घरी पाहुणे म्हणून गेले. मला इथं आणून टाकलं.

मित्रांनो, उद्या माझ्याहून हुशार यंत्रं येतील, माणसंही येतील, आणि तुमच्यात काय लिहिलं आहे ते सांगतील. आजाराचं सांगितलं तर नीट ऐका, औषध घ्या. पण तुम्ही कोण होणार आणि कुणावर जीव लावणार, हे कुणी सांगू लागलं, तर आधी सांगणाऱ्याच्या मनात काय आहे ते बघा. माझ्या मनात काय होतं, हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

स्वप्नालीला अजून वाटतं की सोमनाथची पत्रिका लाल होती. तिनं लाल पाहून त्याला निवडलं आणि ती सुखात आहे. परवा ती आपल्या मुलीला शाळेत सोडायला आली होती. मी तिला हाक मारू शकत नाही. तुम्ही मारू शकता. तिला खरं सांगायचं की तिची निवड आहे तशीच राहू द्यायची, हे मला अजून ठरवता येत नाही. ते आता तुम्ही ठरवा. मी काहीही छापणार नाही.