विजापूरचा फाटका नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. विजापूर शहराचा. माझा कागद जाडसर आहे, माझ्या अंगावर छपाईचे काळा आणि तपकिरी असे दोनच रंग आहेत आणि मी बरोबर मधून फाटलेलो आहे. मला उंदरांनी कुरतडलं नाही की वाळवीने खाल्लं नाही. दोन शहाण्या, वयस्क माणसांनी भर सकाळी, चार लोकांदेखत मला फाडलं. ते कसं घडलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म सोलापुरातल्या एका लहानशा छापखान्यात झाला. ज्याने मला काढलं तो चित्रकार हाताचा नेमका होता. त्याने गोल घुमट काढला, जुम्मा मशीद काढली, रेल्वे स्टेशन काढलं आणि पश्चिमेला, जुन्या शहराबाहेर, इब्राहिम रोजा ही सुंदर इमारत काढली. शहराभोवतीचा दगडी तटही त्याने काढला. तटाला लाल रंग द्यावा, असं त्याचं म्हणणं होतं. मालक म्हणाले, "तिसरा रंग म्हणजे तिसरी छपाई. तपकिरीच राहू दे." रस्तेही तपकिरीच होते. त्यामुळे माझ्या अंगावर कुठे रस्ता आहे आणि कुठे भिंत, हे चटकन कळेनासं झालं. मी तेव्हा कोरा करकरीत होतो, अंगाला शाईचा वास येत होता. या उणिवेचं मला काही वाटलं नाही.

काही महिने मी सोलापूरच्या बसस्थानकावर एका दुकानात चिमट्याला लटकून होतो. तिथून एका गृहस्थाने मला विकत घेतलं आणि यवतमाळला आपल्या मित्राकडे पाठवून दिलं. हे मित्र म्हणजे नरहर तारे. भूमी अभिलेख कार्यालयातून ते निवृत्त झाले होते. सारा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. त्यांनी मला टेबलावर पसरलं, चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि पत्नीला हाक मारली. "कुंदा, हे बघ. याला म्हणतात काम." मित्रांनो, खोटं कशाला सांगू, माझी मान ताठ झाली.

विजापूरला जायचं कारण होती त्यांची सून, दिपाली. ती इतिहासात एम.फिल. करत होती आणि प्रबंधासाठी तिला गोल घुमट आणि इब्राहिम रोजा यांची मोजमापं घेऊन तुलना करायची होती. मार्चअखेर प्रबंध दिला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं आणि कॉलेजातली तात्पुरती नोकरीही जाणार होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय बारीक होता. त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि हातात कुबडी, अशी ती चालायची. तिचा नवरा अवधूत बँकेत होता, त्याला रजा मिळेना. म्हणून त्याने वडिलांना गळ घातली, "बाबा, टेप धरायला तुमच्यासारखं दुसरं कोण आहे?" नरहररावांनी हो म्हटलं, पण चेहरा आंबट करूनच. कुंदाबाईही सोबत निघाल्या. अवधूतने हे लग्न त्यांच्या मनाविरुद्ध केलं होतं आणि तीन वर्षं झाली तरी ते ती गोष्ट विसरले नव्हते.

दिपालीचे वडील नानाजी भोयर राळेगावकडचे शेतकरी. दोन हजार पाच साल संपून सहा लागलं होतं. कापसाला भाव नव्हता, म्हणून त्यांनी कापूस विकला नव्हता. घरातल्या दोन खोल्या छतापर्यंत कापसाने भरलेल्या होत्या. नरहररावांवर पोरीला सोपवायला ते तयार नव्हते. त्यांचा फोन आला.

"तारेसाहेब, मीबी येऊन राह्यलो."

"या की. यंदा कापूसवाल्यांकडे वेळच वेळ आहे," नरहरराव म्हणाले.

नानाजींनी विचारलं, "लॉजवर खालची खोली पाह्यली का? पोरीले जिने चढता येत नाई."

"चार दिवसांसाठी खालची काय अन् वरची काय? जागा मी नकाशावर मोजून काढली आहे. रोजापासून अंगठ्याएवढं अंतर."

खरोखरच त्यांनी माझ्यावर अंगठा ठेवून अंतर मोजलं होतं. खर्च दिपालीच्या शिष्यवृत्तीतून व्हायचा होता आणि ती तुटपुंजी होती. त्यामुळे सगळ्यांत स्वस्त आणि तरीही जवळचं लॉज शोधल्याचा त्यांना अभिमान होता. दिपाली तिथेच उभी होती. कोणीही तिला काही विचारलं नाही.

विजापूरला पोचल्यावर कळलं की लॉजवर फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या शिल्लक आहेत. दिपाली कठडा धरून एकेक पायरी चढली. नानाजी तिच्या मागे हात पसरून चढत होते, जणू ती पडणारच आहे. दुपारी सगळे रोजाकडे निघाले. "एवढ्याशा अंतराला रिक्षा कशाला?" असं म्हणून नरहरराव मला हातात धरून पुढे झाले. पाच मिनिटांत गल्ली संपली आणि समोर तट उभा राहिला. दोन पुरुष उंचीचा काळा दगडी तट. पलीकडे रोजाचे मिनार दिसत होते, पण जायला वाट नव्हती.

नरहररावांनी मला उलटं धरलं, सुलटं धरलं. "इथे रस्ता आहे," ते म्हणाले.

एक टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता. त्याने वाकून माझ्याकडे पाहिलं. "साब, ये रस्ता नै, ये तो फसील है, शहर की दीवार. दरवाजा वो उधर, बहोत दूर."

त्या क्षणी मला माझ्या कागदाची लाज वाटली, मित्रांनो. मी जन्मभर अंतर सांगत आलो होतो. वाट सांगणं मला जमलंच नव्हतं.

नरहररावांनी त्याचा टांगा केला नाही. हट्टाने तटाकाठचा सगळा वळसा पायी घातला. रोजाशी पोचेपर्यंत ऊन कललं होतं आणि दिपालीला जेमतेम तासभर काम करता आलं. रात्री तिने मोजा काढला तर तो घोट्याजवळ रक्ताने चिकटला होता. नानाजींनी ते पाहिलं आणि ते खोलीबाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल घुमटाचं काम होतं. दिपाली खाली दगडी चौथऱ्यावर बसून आराखडा काढू लागली. बाकी तिघे वरचा सज्जा पाहायला जिने चढून गेले. मी नरहररावांच्या शर्टाच्या खिशात होतो. सहलीची मुलं अजून आली नव्हती, घुमट शांत होता. त्या सज्ज्याची करामत तुम्ही ऐकली असेल. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, तर ती कुजबुज पलीकडे भिंतीला कान लावणाऱ्याला स्वच्छ ऐकू येते. नानाजी चालत चालत पलीकडे गेले होते. नरहरराव भिंतीला टेकून कुंदाबाईंशी हळू आवाजात बोलू लागले.

"पायाने धड चालता येत नाही अन् निघाली इमारती मोजायला. त्या भोयरने स्वतःची अडचण आपल्या गळ्यात बांधली. वर हॉटेल खालच्या मजल्याचं पाहिजे. कापसाला भाव नाही, पण तोरा बघा."

कुंदाबाई म्हणाल्या, "हळू बोला."

"हळूच बोलतोय."

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. अगदी कानाशी कोणी बोलावं तसा.

"सारं ऐकू आलं, तारेसाहेब."

नरहरराव झटकन भिंतीपासून मागे सरकले. पलीकडे, त्या मोठ्या पोकळीपल्याड, नानाजी भिंतीला कान लावून उभे होते.

सगळे खाली उतरले. आवारात येताच नानाजींनी नरहररावांच्या खिशातून मला ओढून काढलं.

"माह्या पोरीले अडचण म्हणता? या कागदापायी तिच्या पायातून रक्त येऊन राह्यलं. काहून नाई विचारलं तिले एकदा तरी?"

"नकाशा सोडा, भोयर. तुम्हाला वाचता तरी येतो का तो?"

"वाचता तुमाले कुठं आला?"

एक टोक एकाच्या मुठीत, दुसरं दुसऱ्याच्या. दोघेही ओढत राहिले आणि मी फाटलो. स्टेशन आणि गोल घुमट नानाजींकडे गेले, रोजा आणि ते लॉज नरहररावांकडे राहिले. फुलवाला, पहारेकरी, दोन परदेशी पाहुणे, सगळे थांबून बघत होते.

दिपाली कुबडीवर उठून आली. तिने दोघांच्या हातांतून माझे दोन्ही तुकडे काढून घेतले. तिचा आवाज चढला नाही.

"बापू, बाबा, तुम्ही दोघं माझ्या पायावरून भांडता. पाय माझा आहे. खोली मी बघते."

"तू कायले धावपळ करतं?" नानाजी म्हणाले. "मी जातो."

"तुमी बसा इथंच."

कालचाच टांगेवाला, दस्तगीर त्याचं नाव, फाटकाशी उभा होता. दिपाली त्याच्या टांग्यात चढून बसली आणि माझे दोन्ही तुकडे तिने मांडीवर जुळवले. तिने त्याला एवढंच विचारलं, "तटाच्या पलीकडे, रोजाच्या बाजूला राहायची सोय कुठे होईल?" पहिली जागा स्वस्त होती, पण दारातच अकरा पायऱ्या होत्या. दुसऱ्या जागेच्या गच्चीतून रोजा सुरेख दिसायचा, म्हणून भाडंही दुप्पट होतं. दिपाली म्हणाली, "मला तो दिसायला नको, तिथे पोचायला पाहिजे." तिसरी जागा शांतव्वा नावाच्या बाईची होती. घराच्या पुढच्या अंगाला दोन खोल्या, उंबरा बुटका, संडास खोलीला लागून, जेवायला ज्वारीची भाकरी. दिपाली तिथून रोजाच्या फाटकापर्यंत स्वतः चालून आली आणि पावलं मोजली. दोनशे चाळीस भरली. भाडं त्या लॉजपेक्षा थोडंसं जास्त होतं, पण टांग्याचा खर्च वाचत होता. तिने पेन्सिलीने माझ्यावर तिथे एक बारीक फुली केली. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली खरी खूण होती.

लॉजवर मात्र नवंच भांडण उभं राहिलं. "मी आगाऊ भाडं भरलंय. मी इथून हलणार नाही," नरहरराव म्हणाले. नानाजींनी आपली पिशवी आधीच उचलली होती. सगळ्यांचं लक्ष कुंदाबाईंकडे गेलं. तेहतीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याला सोडून कुठे राहिल्या नव्हत्या. त्यांनी दोरीवरची ओली साडी काढली, घडी केली, पिशवीत ठेवली आणि सुनेचा हात धरून त्या जिना उतरू लागल्या.

"कुंदा," नरहरराव वरून म्हणाले.

"जेवायला या," त्या मागे न बघता म्हणाल्या. "भाकरी करतात तिथे."

ते जेवायला आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी रोजात टेप धरायला नानाजी उभे राहिले. हात कापूस वेचणारे, टेप त्यांना ताणून धरता येईना. मध्ये झोळ पडायचा, माप चुकायचं, दिपाली पुन्हा मोजायला सांगायची. सकाळ तशीच गेली. दुपारी नरहरराव एकटेच वळसा घालून, घामाने भिजून फाटकातून आत आले. कमानीखाली उभं राहून त्यांनी थोडा वेळ तो झोळ पाहिला. मग पुढे होऊन त्यांनी टेपचं दुसरं टोक उचललं आणि ताणलं.

"चौदा फूट साडेतीन इंच," ते म्हणाले. नानाजींना नाही, दिपालीला.

"लिव बाई," नानाजी म्हणाले. तेही दिपालीलाच.

दीड दिवस ते दोघे एकाच टेपची दोन टोकं धरून त्या इमारतीभर फिरले. एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. सगळी मापं मात्र पुरी झाली. परतीच्या एस.टी.त एक पुढे बसला, एक मागे.

प्रबंध वेळेत गेला आणि स्वीकारला गेला. दिपाली आता कॉलेजात शिकवते. तिने मला मागून चिकटपट्टी लावली आणि लाल पेनने माझ्यावर सगळा तट काढला, दरवाजे काढले, जिथे पायऱ्या आहेत तिथे पायऱ्यांचे आकडे लिहिले. मग एका फाइलमध्ये कित्येक वर्षं मी पडून राहिलो. माझी आठवण कोणाला झाली नाही. व्याह्यांचं बोलणं अजूनही बंदच आहे. सणाला निरोप जातात, तेही दिपालीमार्फत.

मागच्या दिवाळीत नरहररावांच्या कचेरीतले एक जुने सहकारी घरी आले. मुलं, नातवंडं, म्हातारी आई, सगळ्यांना घेऊन त्यांना विजापूरला जायचं होतं. "तुम्ही जाऊन आलात ना? स्वस्तात, मोक्याचं एखादं हॉटेल सांगा." नरहररावांनी फाइल काढली. मला टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही.

"तुमच्यात सगळ्यांत कमी चालणारं कोण आहे?"

"आई. का हो?"

"मग त्यांना घेऊन या. त्यांना इथे बसवा. त्यानंतर नकाशा उघडू."

दिपाली दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सासरे तिच्याकडे बघत नव्हते. ट्रे खाली ठेवून ती आत गेली.

मित्रांनो, माझ्यासारखा कागद तुमच्या घरात असेल तर त्याला जपा. जुन्या घडीवरच घडी घाला, ओल्या हाताने धरू नका आणि रागाच्या भरात तर मुळीच ओढू नका. प्रवासात जे कळेल ते माझ्या भाईबंदांवर लिहून ठेवा, कारण छापणाऱ्याकडून काही ना काही राहून गेलेलं असतंच. आणि मुक्काम ठरवताना कागदावर अंगठा टेकवण्याआधी, ज्याला चालायचं आहे त्याला विचारा.